उलट्या बाजूची कडी

१

बाजारात तिला सगळे 'काटकोन' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. फ्रेमचा कोपरा केसभर उघडा राहिला तर ती चारही पट्ट्या मोडून पुन्हा कापायची, आणि गिऱ्हाईक वाकडं बोललं तर त्यालाही तिथल्या तिथे सरळ करायची. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "त्या दुकानात काच जपून हाताळतात, माणूस नाही."

दुकानात दोघी बहिणी. फोटो, प्रमाणपत्रं असली कामं काटकोन घेत नसे. ती फ्रेम करायची फक्त भरतकाम. बायकांनी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून मॅटीच्या कापडावर भरलेली फुल्यांची चित्रं तिच्याकडे यायची. थोरली अक्का मागच्या मोरीत ती कोमट पाण्यातून काढायची, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायची, उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची. मग काटकोन कापड पुठ्ठ्यावर ताणून कडेने टाचण्या टोचायची आणि मागून, बुटाची नाडी आवळावी तसं दोऱ्याने आवळून घ्यायची. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. अक्का गप्प, काटकोन तापलेली, आणि दुकान दोघींच्या मधोमध व्यवस्थित उभं.

सोमवारी सकाळी एक माणूस आला. पन्नाशीचा, कपडे कडक इस्त्रीचे, एक डोळा घड्याळाकडे. त्याने पिशवीतून कापडाची गुंडाळी काढून टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली. काटकोनच्या कपाळावर पहिली आठी तिथेच पडली.

"आईचं शेवटचं काम. ती मागच्या महिन्यात गेली. शनिवारपर्यंत हवंय. नातेवाईक येणार आहेत."

"पूर्ण आहे का?"

"असेल की. मला त्यातलं काय कळतंय?"

तिने गुंडाळी उलगडली आणि तिचा राग जरा मागे सरला. एका खोलीचं चित्र होतं, आत बसून पाहिल्यासारखं. कॉट, तिच्यावर घडी घातलेलं पांघरूण, उंच खिडकी, एक खुर्ची, समोर बंद दार. माणूस कुणी नाही. पण खुर्चीखालच्या सावलीत राखाडी रंगाच्या तीन छटा होत्या, आणि पांघरुणाच्या घडीला उन्हाची कड. इतक्या वर्षांत तिने असा हात फार थोडा पाहिला होता.

"दाराला कडी नाही भरलेली," ती म्हणाली.

"राहिली असेल," तो म्हणाला आणि पावती घेऊन निघून गेला.

२

भरतकाम हातात आलं की काटकोन ते उलटं करून बघायचीच. सरळ बाजू चारचौघांना दाखवायची असते. बाई कळते ती उलट्या बाजूने. कुणाची गाठींनी गजबजलेली, कुणाची धाग्यांच्या उड्यांनी भरलेली. या बाईची मागची बाजू पाटी पुसल्यासारखी स्वच्छ होती.

आणि तिथे कडी होती.

नेमकी दाराच्या मागे. काळपट तपकिरी धाग्याची, कोयंड्यात नीट अडकवलेली लोखंडी कडी. पुढच्या बाजूला तिचा एक टाकाही उमटला नव्हता.

"अक्का, हे बघ गं."

अक्काने ओले हात पदराला पुसले आणि कापड उजेडात धरलं. "विणीचा अर्धाच धागा उचललाय. कापडाच्या आरपार सुई जाऊच दिली नाही." तिने बोट कडीवरून फिरवलं नाही, जरा वर अधांतरी धरलं. "हे करायचं म्हणजे एकेका टाक्याला मिनिटं जातात. वेळ फार होता बिचारीला."

कडी बाहेरच्या बाजूला. काटकोनला ते कळायला क्षण लागला, आणि कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पावतीवरचा नंबर फिरवला.

"साहेब, त्या दाराची कडी आईंनी मागून भरलीये."

तो म्हणाला, "आतून नव्हतीच कडी. काढून टाकली होती. तिला काही आठवायचं नाही, मग रस्त्यावर निघून जायची. आम्ही दोघंही नोकरी करणारे. काय करणार?"

"किती दिवस?"

"दिवस कसले... सहा वर्षं. जेवणखाण वेळच्या वेळी होतं हां! सुई-दोरा दिला की शांत बसायची. ताई, तुम्ही फ्रेम करायची, चौकशी नाही."

तिने फोन असा आदळला की शेल्फावरची काच किणकिणली. मग अक्काला समोर उभं करून अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला. जन्मदात्या आईला कोंडून ठेवणारी माणसं कसल्या काळजाची असतात, अशांना भर चौकात उभं करायला पाहिजे, वगैरे, वगैरे. अक्का टॉवेल पिळत राहिली.

३

मंगळवारी तिने कापड पुठ्ठ्यावर चढवलं. मधला धागा मध्यावर, चारी बाजू लोखंडी गुण्याला लावून काटकोनात आहेत का ते तपासलं, मागून दोरा घालून तबल्यासारखं ताणलं. बोटाने टिचकी मारली तर टणटणीत वाजलं.

बुधवारी सकाळी दोरा सैल होता.

सगळा नाही, फक्त मधला भाग. आणि पुढून, दाराच्या जागी, कापडाला फुगवटा आला होता. सुपारीएवढा.

पुठ्ठ्याने दमट हवा प्यायली असेल, तिने स्वतःला सांगितलं. नाहीतर अक्काने कापड ओलसरच दिलं. तिने दुसरं कारण निवडलं, कारण त्यात ओरडता येत होतं.

"ठणठणीत वाळलं होतं," अक्का म्हणाली.

"मग काय भूत येऊन सैल करून गेलं?"

अक्का भाजी आणायला निघून गेली. काटकोनने नवा पुठ्ठा कापला, सगळं उसवून पुन्हा आवळलं, इतकं की दोऱ्याने तर्जनीला वळ उठला. ते रॅकमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं आणि दुसऱ्या एका फ्रेमच्या पट्ट्या कापायला बसली.

भर दुपार होती. रस्त्यावर ऊन, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. करवत थांबली की दुकान शांत व्हायचं. अशाच एका शांततेत तिला तो आवाज आला.

टप्प. मग लांबलचक, सर्रर्र.

ताणलेल्या कापडातून सुई बाहेर आल्याचा आणि मागून धागा ओढल्याचा. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. अक्का आतल्या खोलीत काहीतरी टाचत बसली असणार. टप्प. सर्रर्र. एकसारखी लय, घाई नाही.

"अक्का, चहा टाक जरा," ती मान वर न करता म्हणाली.

"आधी आत तर येऊ दे," अक्का म्हणाली. ती दुकानाच्या पायरीवर उभी होती, हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम.

काटकोनने करवत खाली ठेवली. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. रॅकमध्ये आठ चित्रं ओळीने उभी होती आणि सगळी गप्प होती. तिला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. कुणीतरी आपली थट्टा करतंय असं तिला वाटलं, आणि थट्टा तिला कधीच सहन झाली नव्हती.

४

गुरुवारी तिने काम संपवूनच टाकलं. काच पुसून बसवली, काच कापडाला टेकू नये म्हणून कडेने बारीक पट्ट्या घातल्या, मागून पाठपुठ्ठा ठोकला, त्यावर तपकिरी कागद ताणून डकवला. आता वाऱ्यालाही आत जायला वाट नव्हती.

आवाज बदलला. आता तो सुईचा नव्हता. ठक्, ठक् असा, जरा थांबून पुन्हा ठक्. काचेवर नाही, पाठपुठ्ठ्यावर. ती रॅकजवळ गेली की थांबायचा, टेबलाशी परतली की सुरू व्हायचा. चार वाजता तिने फ्रेम बाहेर ओढून टेबलावर पालथी टाकली.

तपकिरी कागदावर भोकांची एक ओळ होती. टाचणीच्या टोकाएवढी, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, मध्यापासून कडेकडे निघालेली. तिने बोट फिरवलं. कागदाची खरखर बाहेरच्या अंगाला होती. म्हणजे सुई आतून टोचली होती.

आत तर कापड होतं, पुठ्ठा होता, आणि तिने स्वतः ठोकलेल्या चुका.

"अक्का! इकडे ये! हे तू केलंस?"

"मी कशाला करू?"

"मग कोण करणार? दुकानात तिसरं आहे कोण? सोमवारपासून तुझं तोंड वाकडं आहे. तो नालायक आईला कोंडतो, त्याला मी शिव्या दिल्या, तर लागल्या तुला! तुला का लागाव्या?"

अक्काने फ्रेमकडे पाहिलं. मग शांतपणे, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं ती म्हणाली, "कारण मीही लावायचे."

"काय लावायचीस?"

"कडी. आपल्या आईला. शेवटची चार वर्षं."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"तू सकाळी आठला दुकान उघडायचीस, रात्री यायचीस," अक्का म्हणाली. "मी दहाला तुझ्या मदतीला यायचे. त्यानंतर रात्रीपर्यंत आई कुणाजवळ असायची, कधी विचारलंस? दुकान कसं उभं राहिलं असं वाटतं तुला? तुझ्या काटकोनांवर?"

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस का? तू ओरडली असतीस. आत्ता ओरडायला तोंड उघडलंयस, तसंच."

काटकोनचं तोंड खरंच उघडं होतं. तिने ते मिटलं.

"ती दार वाजवायची," अक्का म्हणाली. "मी जिना उतरेपर्यंत. हळूच वाजवायची गं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून."

मग ती मोरीत गेली आणि नळ सोडून बसली.

५

शुक्रवारी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. काटकोनने टोचलेला कागद फाडून पाठपुठ्ठा उचकटला आणि दोरा सोडून कापड पुठ्ठ्यावरून काढलं. राग इतका होता की आतलं काहीही बघायची तिची तयारी होती.

कापडाच्या मागची कडी उभी होती. सोमवारी ती आडवी पडून कोयंड्यात अडकलेली होती, हे तिने आणि अक्काने, दोघींनी पाहिलं होतं. आता ती वर उचललेली होती, आणि तिचा प्रत्येक टाका पहिल्याइतकाच स्वच्छ.

तिने कापड पलटून पुढून पाहिलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये काळ्या फुल्यांची एक उभी ओळ होती. एकच ओळ, एका फुलीच्या रुंदीची. ती आधी नव्हती. आणि त्या काळ्या फटीवर, दाराच्या कडेला, फिकट गुलाबी रंगाच्या चार फुल्या होत्या. एकाखाली एक.

कुणी पलीकडून दार धरून उघडलं तर बोटं तिथेच दिसतील.

या क्षणी तिने ते चित्र अक्काला दाखवायला हवं होतं. निदान त्या माणसाला फोन करून नेऊ नका म्हणायला हवं होतं. तिला ते कळत होतं, हे ती पुढे कधीही नाकारणार नव्हती. पण सोमवारपासूनचा राग तिच्या छातीत गोळा होऊन बसला होता. त्या माणसावरचा, अक्कावरचा, आणि ज्याच्याकडे बघायचीच तिची हिंमत नव्हती तो तिसरा. त्याला कुठेतरी वाट हवी होती. तिने कापड पुन्हा आवळलं, पाठपुठ्ठा ठोकला आणि नवा कागद डकवला.

शनिवारी सकाळी तो आला. चित्राकडे त्याने बघितल्यासारखं केलं. "छान झालंय. हलकं वाटतं."

"कुठे लावणार?"

"आईच्याच खोलीत. आता तिथे माझं टेबल टाकलंय."

"तिथेच लावा," काटकोन म्हणाली. "दारासमोरच्या भिंतीवर."

अक्काने मोरीच्या दारातून तिच्याकडे पाहिलं. काटकोनने तिकडे पाठ केली.

६

मंगळवारी दुपारी तीनला फोन आला. त्याचाच. आवाज अगदी दबका.

"ताई, दार लागलंय. बाहेरून. घरात कुणी नाही."

"मग बायकोला फोन करा. मी काय कडी-कोयंडेवाली आहे?"

"केला. ती उचलत नाही. ताई, तुम्ही त्या चित्रात काही बदल केलात का? त्यातलं दार..." तो थांबला. "सकाळपेक्षा कमी झालंय."

"कमी म्हणजे?"

त्याच्या श्वासामागे, त्या खोलीत, तिला ऐकू आलं. टप्प. सर्रर्र.

तो आवाज तिने ओळखला, आणि तरीही तोंडातून आला तो रागच. "बसा तसेच! बायको आली की उघडेल. सहा वर्षं नाही ना बसायचंय?"

तिने फोन ठेवला. मागे अक्का उभी होती, आणि तिने पायात चपला घातलेल्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"कडी काढायला."

"त्याची? त्या माणसाची?"

"कुणाची तरी काढू दे ना मला, बाई!" अक्का ओरडली. पंचवीस वर्षांत दुकानात पहिल्यांदा अक्काचा आवाज चढला होता. चष्मेवाला बाहेर येऊन बघायला लागला.

काटकोनने पावतीपुस्तकातून पत्ता फाडून घेतला आणि तिच्या मागोमाग निघाली.

७

घर दोन रस्ते पलीकडे होतं. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. आत स्वच्छ बैठक, टेबलावर अर्धा प्यालेला चहा, अरुंद बोळ, आणि बोळाच्या शेवटी ते दार. कडी अडकवलेली होती. घट्ट.

अक्काने हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला. कपाळ दाराला टेकवून ती आत कुणाला तरी म्हणाली, "उघडते हं आई." आणि कडी उचलली.

दार उघडलं. तो भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. अंगावर कुठे ओरखडा नाही.

"चला, बाहेर या," काटकोन म्हणाली.

"हळू," तो म्हणाला. मान वळवली नाही. "हळू बोला. ती मोजतेय. चुकली की पहिल्यापासून सुरू करते."

भिंतीवर चित्र होतं. काटकोन दोन पावलं पुढे गेली. तेवढं तिला जावंच लागलं. काम तिचं होतं. कॉट होती, पांघरूण, खिडकी. पण दार जवळजवळ उरलं नव्हतं. भिंतीचा फिका पिवळा रंग वरून खाली, ओळीमागून ओळ, त्याच्यावर चढत आला होता. खाली बोटभर फळी तेवढी शिल्लक होती. आणि शेवटच्या फुलीपासून एक पिवळा धागा सुटला होता, त्याच्या टोकाला सुई लोंबत होती. तिने स्वतः बसवलेल्या काचेच्या आत.

सुई अजून झुलत होती. आत्ताच कुणी हातातून सोडल्यासारखी.

"बाहेर ये," अक्का दारातून काटकोनला म्हणाली. "आधी तू बाहेर ये."

तो काही आला नाही. दार सताड उघडं होतं, दोघींनी हाताला धरून ओढलं, तरी तो खुर्ची सोडेना. "एवढी ओळ होऊ दे," इतकंच म्हणाला. शेवटी त्यांनी त्याच्या बायकोला गाठलं आणि ती पळत आली. संध्याकाळी तो आपण होऊन उठला आणि जेवायला बसला. पुढे ते घर त्यांनी सोडलं. चित्राचं काय झालं ते काटकोनने विचारलं नाही, आणि तेव्हापासून ती फ्रेमच्या मागच्या बाजूला कागद लावत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बायको आल्यावर दोघी बहिणी परत निघाल्या. काटकोनने रस्ताभर मनात शब्द जुळवले. मी विचारायला हवं होतं, असं तिला म्हणायचं होतं. आईबद्दल एकदा तरी विचारायला हवं होतं. राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. त्याच्या जागी नुसती पोकळी होती, आणि एवढं वाक्य म्हटलं की अक्का वळून बघेल, असं तिला वाटत होतं.

अक्का चार पावलं पुढे, खाली मान घालून चालत होती. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, असं समजून काटकोन झपझप चालत तिच्या खांद्याशी आली.

"...एकेचाळीस," अक्का पुटपुटत होती. "बेचाळीस. त्रेचाळीस."

काटकोनने उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच अक्काला मध्येच तोडायची तिची छाती झाली नाही.